कानांनी पाहायचे बोलपट

जुन्या चित्रपटांचं वेड असलेली माणसं आमच्या सांगलीत थोडीथोडकी नाहीत. नाटकाची पंढरी म्हणवणारं हे गाव. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथं 'सीतास्वयंवर' उभं केलं, तेव्हापासून खेळासाठी रात्र जागवायची आम्हांला वंशपरंपरेनं सवय आहे. सकाळी हरिपूरच्या रस्त्यानं फिरायला निघालं की या वेड्यांचे दोन पंथ हमखास भेटतात. एक 'प्रभात'वाले, दुसरे हॉलिवुडवाले. पहिल्यांना 'माणूस' आठवून गहिवर येतो, दुसऱ्यांना चॅप्लिनचा 'सिटी लाइट्स' आठवून. वाद होतो, चहा होतो, आणि दोन्ही पंथ आपापल्या जागी पक्के होऊन घरी परततात. या वादात जर्मनीचं नाव मात्र कोणी काढत नाही. कोणी काढलंच, तर 'मेट्रोपोलिस'मधलं ते यंत्रांचं शहर एकदा आठवायचं, 'मूकपटांत त्यांचा हात धरणारा नव्हता' असं म्हणायचं आणि पुन्हा शांतारामबापूंकडे वळायचं.

यंदा फराळाच्या ताटाबरोबर मला या मंडळींना, आणि वाचकहो, तुम्हांलाही एक आग्रह करायचा आहे. १९३० पासून १९३३ पर्यंत, म्हणजे जेमतेम चार वर्षांत, जर्मनीत जे बोलपट निघाले त्यांतले निदान चार-पाच पाहा. पाहा म्हणण्यापेक्षा ऐका.

"अहो, पण जर्मन कुठं कळतंय?" हा प्रश्न मला ठाऊक आहे. त्यावर माझं उत्तरही तयार आहे. 'अछूत कन्या' आपण डोक्यावर घेतला ना? १९३६ सालच्या त्या चित्रपटाचे दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन म्युनिकचे. त्यांना हिंदी येत नव्हतं. छायालेखक योझेफ विर्शिंग, तेही म्युनिकचेच. ज्यांना आपली भाषा येत नव्हती त्यांनी अशोककुमार आणि देविकाराणीचं दुःख आपल्यापर्यंत पोचवलं. मग आपल्याला त्यांची भाषा येत नाही म्हणून अडून बसायचं कारण नाही. शिवाय खाली इंग्रजी ओळी असतात, आणि हल्ली हे चित्रपट घरबसल्या मिळतात. भाचा-पुतण्या कोणीतरी टीव्हीला जोडून देतो.

मला हा नाद लागला तो माझ्या मामांमुळे. मामा साताऱ्याला राहतात. वय नव्वदीच्या पुढे. उभी हयात कोर्टात कारकुनी केली, आणि कोर्ट सुटलं की टॉकीज. लहानपणी जत्रेच्या तंबूत जमिनीवर बसून त्यांनी 'संत तुकाराम' इतक्या वेळा पाहिला की पुढं काय होणार हे ते शेजारच्यांना आधीच सांगत आणि शिव्या खात. चार वर्षांपूर्वी त्यांचे डोळे गेले. गेले म्हणजे पुरते गेले नाहीत, मधोमध गेले. समोर माणूस उभा राहिला की त्याचा सदरा दिसतो, कान दिसतात, मागची खुंटी दिसते. चेहरा मात्र कोणीतरी ओल्या फडक्यानं पुसून काढलेला. जुने चित्रपट पाठ होते, त्यांवर त्यांनी वर्षभर काढलं. नवे लावून दिले तर दहा मिनिटांत म्हणायचे, "अगं, बंद कर ते. यांच्यात कोणी गप्पच बसत नाही. माणसं गप्प बसली की वाजंत्री सुरू. दार कधी उघडलं, कोण आत आलं, ते कळायला जागाच ठेवत नाहीत."

त्यांचं हे वाक्य माझ्या मनात राहिलं. दार उघडल्याचं कळेल असा चित्रपट हवा होता. आणि तो मला सापडला तो 'ब्लू एंजल'.

बर्लिनमध्ये १ एप्रिल १९३० रोजी तो पहिल्यांदा दाखवला गेला. आपल्या 'आलमआरा'च्या आधी जवळजवळ वर्षभर. दिग्दर्शक योझेफ फॉन स्टर्नबर्ग. एका शाळेतला कडक शिस्तीचा म्हातारा प्राध्यापक, विद्यार्थ्यांना पकडायला म्हणून एका हलक्या नाचगाण्याच्या जागी जातो आणि तिथल्या गायिकेच्या पायाशी स्वतःच अडकतो. प्राध्यापक झाले आहेत एमिल यानिंग्ज, गायिका मार्लेन डीट्रिश. गोष्ट एवढीच. पण ती ऐकायला कशी येते पाहा. गायिकेच्या रंगपटाचं दार उघडलं की बाहेरचा सगळा गोंगाट, बँड, हशा, पेले, एकदम आत घुसतो; दार लागलं की शांत. पुन्हा उघडलं, पुन्हा गोंगाट. मी साताऱ्याला मामांच्या शेजारी बसून इंग्रजी ओळी मराठीत सांगत होते, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळेला मी काही बोलायच्या आत मामाच म्हणाले, "दार लावलं वाटतं त्यानं." मग ते पुढं सरकून बसले. गेल्या वर्षभरात चित्रपटासाठी ते असे पुढं सरकून बसले नव्हते.

यात जादू काही नाही. बोलपट तेव्हा नुकताच जन्मला होता. कॅमेऱ्याची घरघर ध्वनियंत्रात शिरू नये म्हणून कॅमेरा बंद पेटीत ठेवावा लागे. एका आवाजावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा चढवणं सोपं नव्हतं. त्यामुळं जो आवाज घ्यायचा तो निवडून घ्यावा लागे, आणि निवडायचं म्हटलं की विचार करावा लागतो. बाकीच्या जगात नव्या यंत्राच्या आनंदात नटनटी नुसती बोलत आणि गात सुटली होती. आपणही त्याला अपवाद नव्हतो. या जर्मन मंडळींनी मात्र कुठं बोलायचं नाही हे आधी ठरवलं.

'ब्लू एंजल'च्या सुरुवातीला प्राध्यापक सकाळी आपल्या पिंजऱ्यातल्या पक्ष्याला शीळ घालतो. उत्तर येत नाही. पक्षी मेलेला आहे. पुढं लग्नाच्या मेजवानीत तोच प्राध्यापक लाडात येऊन कोंबड्यासारखा आरवतो, आणि शेवटी, विदूषकाचं तोंड रंगवून आपल्याच गावाच्या रंगमंचावर उभा केल्यावर, त्याला पुन्हा आरवायला सांगतात. तो आवाज मी इथं वर्णन करणार नाही. त्यासाठी तरी चित्रपट लावाच.

आता एक गंमत करून पाहा. एका रात्री 'कुंकू' पाहा आणि दुसऱ्या रात्री 'ब्लू एंजल'. 'कुंकू' १९३७ चा. ज्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून तो घेतला, तिचे लेखक नारायण हरी आपटे म्हणजे आमचेच. जन्म सांगलीजवळच्या समडोळीचा, आणि संसार साताऱ्याजवळच्या कोरेगावचा. या दोन जिल्ह्यांनी वाटून घ्यावा असा लेखक. दोन्हींकडे म्हातारा पुरुष आणि तरुण बाई. दोन्हींकडे आरशासमोर बसलेला पुरुष. काकासाहेब मिशांना कलप लावतात, प्राध्यापक तोंडाला रंग. दोन्हींकडे घड्याळ. आणि दोन्हींकडे कान उघडे ठेवलेला दिग्दर्शक, कारण 'कुंकू'ला शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत ठेवलं नाही. जो आवाज येतो तो त्या घरातला, त्या रस्त्यावरचा. पण नीरा हक्कासाठी भांडते आणि काकासाहेब शेवटी आपली चूक ओळखून तिच्या वाटेतून कायमचे दूर होतात, तर जर्मन प्राध्यापकाला काही ओळखण्याची उसंतच मिळत नाही. मला विचाराल तर यानिंग्जपेक्षा आमचे केशवराव दाते मला जवळचे वाटतात. यानिंग्ज थोडे जास्तच करतात. हॉलिवुडवाले आणि 'प्रभात'वाले, दोघांनीही यावर माझ्याशी खुशाल भांडावं.

दुसरा चित्रपट 'एम'. हा मात्र मुलंबाळं झोपल्यावर लावा. फ्रिट्झ लांगनं १९३१ साली केलेला हा चित्रपट लहान मुलींचे खून करणाऱ्या एका माणसाविषयी आहे, आणि त्यात एक थेंबही रक्त दाखवलेलं नाही. एक आई स्वयंपाक करून शाळेतून येणाऱ्या मुलीची वाट पाहते आहे. ती जिन्याशी येऊन हाक मारते, "एल्झी!" पडद्यावर रिकामा जिना. पुन्हा हाक. रिकामा माळा, वाळत घातलेले कपडे. पुन्हा हाक. मांडलेलं ताट आणि रिकामी खुर्ची. मग हाकही नाही. गवतात घरंगळत आलेला चेंडू आणि तारांत अडकलेला फुगा. तिन्हीसांजेला मुलगा खेळून परतला नाही म्हणून दारात उभ्या राहिलेल्या कोणत्याही आईला या प्रसंगाचं भाषांतर लागत नाही. मीही इथं मामांना काही सांगितलं नाही.

खुनी पीटर लोरे. तो शीळ घालतो. ग्रीगच्या संगीतातला एक छोटा तुकडा. चित्रपटाला पार्श्वसंगीत म्हणून जे काही आहे ते एवढंच. लोरेला शीळ वाजवता येत नव्हती म्हणून ती लांगनं स्वतः वाजवली, असं लांगच सांगत असे. सगळ्या शहराचे पोलीस शोधून थकतात, आणि खुन्याला ओळखतो कोण, तर फुगे विकणारा एक आंधळा. त्या मुलीला फुगा घेऊन देताना ऐकलेली शीळ त्याला पुन्हा ऐकू येते.

"तोच आला," मामा म्हणाले. पडद्यावरच्या आंधळ्यानं अजून मान वर केली नव्हती.

त्यानंतर मामांनी मध्ये एकच प्रश्न विचारला. शेवटाकडे शहरातले चोर-दरोडेखोर त्या खुन्याला पकडून एका पडक्या कारखान्यात आपलंच न्यायालय भरवतात. गर्दी ओरडते, मारा म्हणते. चाळीस वर्षं कोर्टात काढलेल्या माणसानं हळूच विचारलं, "आरोपीला वकील दिलाय का?" दिला होता. चोरांनीही दिला होता. मामांनी मान हलवली आणि लोरेचं ते लांबलचक बोलणं, एक शब्द न समजता, शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मीही बोलायची थांबले.

या 'एम'ची पटकथा लांगबरोबर लिहिली ती त्याच्या पत्नीनं, थेआ फॉन हार्बो यांनी. १९३३ साली दोघं विभक्त झाले. पुढं या बाईंनी लग्न केलं ते बर्लिनमध्ये पत्रकारी करणाऱ्या आयी तेंडुलकर यांच्याशी, आणि तेंडुलकर मूळचे बेळगावकडचे! मिरजेहून गाडीत बसलं की काही तासांवर बेळगाव. ही हकीकत मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी उगीचच, आपल्या घरातल्या कोणाचं तरी नाव छापून आल्यासारखी, दोन दिवस खूष होते. पुढचं वाचून खुषी ओसरली. लांगनं जर्मनी सोडली. बाई राहिल्या, नाझी पक्षात गेल्या आणि त्या राजवटीत चित्रपट लिहीत राहिल्या. १९३९ साली तेंडुलकर हिंदुस्थानात परतले, आणि युद्ध आडवं आलं ते आलंच.

१९३३ हे साल इथं पुन्हा पुन्हा येतं, कारण ३० जानेवारीला हिटलर चॅन्सेलर झाला आणि ही चार वर्षांची सुगी संपली. लांगचा 'डॉक्टर माबूझेचं मृत्युपत्र' तयार होता. त्यावर तिथं बंदी आली. लोरे गेला. त्याच वर्षी आपले शांतारामबापू 'सैरंध्री'ला रंग चढवण्यासाठी जर्मनीत होते. रंग फसले ते फसलेच, पण परतल्यावर त्यांनी केलेला १९३४ चा 'अमृतमंथन' पाहा. राजगुरूच्या डोळ्यावर येऊन थांबलेला तो कॅमेरा, त्या सावल्या. ही कादंबरीही आपट्यांचीच. तिकडून माणसं परागंदा होत होती, तेव्हा आमचा माणूस तिथून काहीतरी शिकून येत होता.

आणि सांगलीचा याच्याशी संबंध मी ओढूनताणून आणते आहे असं समजू नका. १९३४ साली मास्टर दीनानाथ आणि चिंतामणराव कोल्हटकरांच्या 'बळवंत'नं सांगलीत बोलपटाचा संसार थाटला आणि 'कृष्णार्जुन युद्ध' काढला. पैसे बुडाले. त्याच्या दिग्दर्शनात कोल्हटकरांबरोबर विश्राम बेडेकर होते. हेच बेडेकर पुढं विलायतेला चित्रविद्या शिकायला गेले आणि १९३९ साली त्यांची 'रणांगण' आली. युरोपातून निघालेली बोट, आणि तीवर हिटलरनं हाकललेली ज्यू माणसं. त्यांतली हेर्ता मराठी वाचकाला सांगायला नको. मामांनी 'रणांगण' कॉलेजात असताना वाचली होती. 'एम' संपल्यावर, लोरे ज्यू होता आणि त्यालाही देश सोडावा लागला, असं मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे ही हेर्ताच्या गावची माणसं."

मग त्यांना त्यांचे स्वतःचे जर्मन आठवले. युद्धात इंग्रज सरकारनं देशभरातल्या जर्मनांना स्थानबद्ध केलं. विर्शिंगही त्यात सापडले आणि 'बॉम्बे टॉकीज'च्या कॅमेऱ्याला पुन्हा हात लावायला त्यांना युद्ध संपायची वाट पाहावी लागली. 'महल' आणि 'पाकीजा' हे त्यानंतरचे. काही जर्मन कुटुंबं साताऱ्याला आणून ठेवली होती. मामा शाळकरी होते. पोवई नाक्यावर भाजीवाल्याशी मोडक्या मराठीत घासाघीस करणारी एक गोरी बाई आणि तिच्या हाताला धरलेला मुलगा एवढंच त्यांना आठवतं. त्या माणसांत हिटलरचे कोण आणि हिटलरनं हाकललेले कोण, हे सातारकरांना कळायला मार्ग नव्हता. इंग्रजांच्या कागदावर दोघेही शत्रूच होते.

इतकं वाचून दिवाळीत हे लावावं की नाही असं तुम्हांला वाटू लागलं असेल, तर सगळ्या घरानं मिळून पाहावेत असेही चित्रपट आहेत. 'एमिल आणि गुप्तहेर' हा १९३१ चा, एरिश केस्टनरच्या पुस्तकावरून केलेला. गाडीत एका मुलाचे पैसे चोरीला जातात आणि बर्लिनची पोरं मिळून चोराच्या मागं लागतात. पटकथा बिली वाइल्डरची. हॉलिवुडवाल्यांनी कान टवकारावेत. माझा सात वर्षांचा नातू त्यातल्या मोटारीच्या भोंग्यासाठी तो पुन्हा पुन्हा लावतो. एमिल झालेला रोल्फ वेंकहाउस युद्धात १९४२ साली मारला गेला, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. गाण्यांची आवड असेल तर 'पेट्रोल पंपावरचे तिघे' आणि 'काँग्रेस नाचते' पाहा. दुसऱ्यात लिलियन हार्वे गाडीत बसून गात निघते ती बाजार, रस्ते, शेतं ओलांडत गातच जाते. आपल्या चित्रपटांतल्या टांग्यातल्या गाण्यांची ही थोरली बहीण. पहिल्यातला तो जाडजूड वकील ओळखून ठेवा. 'ब्लू एंजल'मधला जादूगार तोच, कुर्ट गेरॉन. १९४४ साली आउशविट्झच्या छावणीत त्याला मारलं.

शेवटी सांगलीकरांसाठी राखून ठेवलेला एक. पाब्स्टचा 'कामेराडशाफ्ट', १९३१ चा. त्याला आपण 'सोबती' म्हणू. फ्रान्स आणि जर्मनीच्या सरहद्दीवर कोळशाची खाण आहे, वर दोन देश आणि खालीही मध्ये लोखंडी जाळी. फ्रेंच बाजूला स्फोट होतो आणि जर्मन मजूर वाचवायला धावतात. फ्रेंच फ्रेंच बोलतात, जर्मन जर्मन बोलतात, कोणाचं कोणाला कळत नाही. जतेच्या बाजारात एका हातगाडीवर मराठी आणि कानडी एकाच वेळी ऐकत वाढलेल्या आमच्या माणसांना यात काही नवल वाटणार नाही, पण पॅरिस-बर्लिनच्या प्रेक्षकांना वाटलं. अर्धवट शुद्धीतल्या एका फ्रेंच मजुराला धुरातून विषारी वायूचा मुखवटा घातलेला जर्मन येताना दिसतो, आणि तो वाचवायला आला आहे हे न कळून त्याला पुन्हा महायुद्धच सुरू झाल्यासारखं वाटतं. मामा इथं माझं मनगट धरून बसले होते.

वर येऊन सगळे एकमेकांना मिठ्या मारतात, भाषणं होतात. त्यानंतर पाब्स्ट पुन्हा खाली नेतो: ती तोडलेली जाळी दोन्हींकडचे अधिकारी परत बसवून घेत आहेत. काही प्रतींत हा शेवटचा प्रसंग कापलेला असतो. चित्रपट मिळवताना तो असलेलीच प्रत मिळवा.